आक्काची अवघडलेली मान
उंडीच्या तेलाचा वास आला की मला माझी मोठी बहीण, आक्का आठवते. तिला तीन ठिकाणांहून नकार आला होता आणि चौथे पाहुणे कुडाळहून येणार होते. त्यांना दाखवायचं तोरण ती आठ दिवस खाली वाकून विणत होती. पुन्हा नकार आला तर, या धास्तीने तिला झोपही नव्हती. पाहुणे यायच्या सकाळीच तिची मान धरली. आईने उंडीचं तेल गरम करून चोळलं, तरी ती हलेना. पाहुण्यांसमोर आई कुजबुजली, "मान खाली घाल गो." "माका जमणा नाय गे आये," म्हणत आक्का समोरच बघत राहिली. मुलाच्या आईने आठ्या घातल्या, "चेडू भारीच धीट आसा." तेवढ्यात मुलानेच आक्काला विचारलं, "मान दुखता काय तुमची?" आजवर आलेल्या पाहुण्यांपैकी स्वयंपाकाखेरीज तिला कोणी काही विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच मुलाशी तिचं लग्न झालं आणि ती वेंगुर्ल्याहून बोटीने नवऱ्याबरोबर मुंबईला गेली. धक्क्यावर मी रडले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना मात्र कळलं, माझ्या वेण्या घालायला आता घरात कोणी नाही. आज माझे केस पांढरे, विरळ झालेत, आक्काही राहिली नाही. तरी फणी हातात घेतली की तिची बोटं हवीशी वाटतात.