लेडीज खिडकीवरच्या द्वारकाबाई

पुलगावच्या आमच्या टॉकीजमध्ये बायकांसाठी तिकिटाची वेगळी खिडकी होती आणि तिच्यामागे अठरा वर्षं द्वारकाबाई बसल्या. नवा सिनेमा लागला तरी त्या पडद्याकडे फिरकत नसत. मध्यंतरात बायका बाहेर आल्या की द्वारकाबाई त्यांना एकच विचारायच्या, "हिरोच्या घरी कोन कोन हाय वं?" उत्तर ऐकून सिनेमा किती दिवस टिकेल ते सांगायच्या. मी तिथला मॅनेजर. मला या भविष्याचा मनातून राग यायचा, कारण ते बहुतेक खरं ठरायचं.

दोन हजार सालानंतर अचाट शक्तीच्या परदेशी वीरांचे सिनेमे हिंदीत बोलायला लागले आणि आमच्याकडे येऊ लागले. एका मालिकेतला नायक गडगंज श्रीमंत, भल्यामोठ्या बंगल्यात एकटा. गाड्या, स्फोट, सगळं भारी. दोन दिवस पोरांनी शिट्ट्यांनी टॉकीज डोक्यावर घेतली. चौथ्या दिवशी पंखे रिकाम्या खुर्च्यांना वारा घालत होते. दुसऱ्या मालिकेतला नायक फाटका, भाड्याच्या खोलीत आईजवळ राहणारा. त्याचा पहिला भाग बघायला आंजीहून लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आले, तेही दोनदा.

असं का, म्हणून मी बाईंना विचारलं.

"साहेब, उडते तं दोघंही. पन त्या बंगलेवाल्याले उशीर झाला तं कोनाचा जीव खालीवर होते? पोट्टे शिट्ट्या माराले एकटे येते. बाई आली तं सासू, नंद, लेकरं, सारं घर घेऊन येते."

मी हसण्यावारी नेलं. मग त्या फाटक्या नायकाच्या मालिकेचा दुसरा भाग आला. आमचे मालक शेठजी तेव्हा टॉकीजचं गोदाम करायच्या विचारात होते. आम्हाला समोर उभं करून त्यांनी बजावलं, "हा पडला, तर ज्याची चूक असेल तो घरी बसेल." माझी दोन मुलं शाळेत होती. मी इतका घाबरलो की नको ते करून बसलो. सकाळचा एक जादा खेळ बसवायचा, म्हणून सिनेमा वीस मिनिटांनी कमी करायचं ठरवलं. अशी कापाकापी तेव्हा बरेच जण करत. मारामारीला हात लावायची माझी छाती नव्हती. ऑपरेटरला सांगून मी आईचे प्रसंग काढले आणि ते कापलेले तुकडे डब्यात घालून माझ्या टेबलाखाली ठेवले.

शुक्रवारी गर्दी झाली. शनिवारी अर्धी टॉकीज रिकामी. रविवारी तीनच्या खेळाला लेडीज खिडकीवर जेमतेम दहा-बारा बायका. खेळ सुटला आणि द्वारकाबाई न विचारता माझ्या खोलीत आल्या. दार लावून घेतलं.

"साहेब, आई कोठी हाय?"

"कोणाची आई?"

"नाटक नोका करू. बाया मले इचारून राह्यल्या, मागच्या भागातली म्हातारी मेली का? मेली तं हा रडला काऊन नाई?"

माझी नजर टेबलाखाली गेली आणि त्यांनी ती बरोबर टिपली.

"सहाच्या खेळाआंदी जोडा."

ऑपरेटर तुकडे जोडत होता, मी दर मिनिटाला घड्याळ बघत होतो. शेवटचा सांधा सुकतोय तोवर पहिली घंटा झाली. अंधारात मी मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. फिल्म तुटली तर माझी नोकरी तिथेच संपणार होती. पडद्यावर आई ताट झाकून खिडकीशी बसली होती आणि पोरगा दुसऱ्यांना वाचवत शहरभर भटकत होता. कुणी शिट्टी मारेना. तेवढ्यात बाकांवरून एक बाई ओरडली, "अरे, जाय ना घरी!" मला रडू आलं. सोमवारी बायकांची रांग फाटकाबाहेर गेली.

मंगळवारी शेठजींनी येऊन पुन्हा आम्हाला समोर उभं केलं. "शनिवार-रविवार कसा काय पडला? कोणाची चूक?"

मी हिशेबाची वही उघडून पानं चाळू लागलो.

"माही," द्वारकाबाई म्हणाल्या. "दोन दिवस खिडकी उशिरा उघडली म्या. बाया वापस गेल्या."

शेठजींनी माझ्याकडे बघितलं. "खरं आहे?"

मी 'हो' म्हणून मान हलवली.

बाईंनी टेबलावर किल्ली ठेवली आणि त्या निघून गेल्या. सिनेमा पाच आठवडे चालला. माझी नोकरी राहिली.

चार-पाच वर्षांनी त्या सेलूला लेकीकडे वारल्याचं कळलं. जिवंतपणी त्यांना भेटायचा धीर मला कधी झाला नाही. आता मात्र गेलो. लेकीला सगळं सांगून टाकलं. फिल्म मी कापली होती, त्यांनी माझी चूक अंगावर घेतली होती आणि मी मान हलवली होती.



"आईनं घरी काहीच सांगतलं नाई. खिडकी उशिरा उघडली म्हने. लागलेली नोकरी अशी घालवली म्हनून मी लय बोलली तिले. मरेपर्यंत बोलली. आता मी कोनाची माफी मागू, काका?"