रुंदीचा संशय

चिंचेनं पितळ घासायला घेतलं, की त्या आंबट वासानं मला फलटणची आमची ओसरी आठवते. आजोबांच्या बँडची फुंकून वाजवायची दोन पितळी वाद्यं वाटणीत आली. काकांना जाडजूड युफोनियम, माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, सडपातळ बॅरिटोन. आईला त्यात काकांचा डाव दिसला. आबांनी दोन्ही नळ्यांच्या वळणावळणांवरून सुतळी फिरवून दाखवली. लांबी सारखीच भरली.

“आन रुंदी?” आई म्हणाली. “रानाच्या वाटणीतबी लांबीच तेवढी सारखी व्हती!”

“आगं, जाडं मीच नगं म्हनलं,” आबा हळूच म्हणाले. “त्याला फुंक लय लागती.”

आई सुतळी गुंडाळायला लागली. मला वाटलं, संशय फिटला. आता कळतं, त्या दिवसापासून ती आबांच्या खोकल्याकडं कान लावून असायची.