नव्या इंजिनाची बस

डिझेलच्या धुराचा वास आला की मला केडगावातला एक दिवस आठवतो. मी तेव्हा सिटी बस चालवायचो. घर रस्त्यालाच होतं, आणि अंथरुणाला खिळलेली बायको जुन्या इंजिनाच्या घरघरीवरून माझी बस ओळखायची. त्या दिवशी बसला नवं इंजिन बसवलं होतं. मी खुशीत घरी आलो, तर ती म्हणाली, "आज तुमी इकडनं गेलाच न्हाई का? लई वाट बघितली." "चारदा गेलो की! नव्या इंजिनाला तेवढा आवाज न्हाई." ती हळूच म्हणाली, "मग मला कसं कळायचं?" दुसऱ्या दिवसापासून मी घरासमोर हॉर्न वाजवू लागलो. दोन महिन्यांनी ती गेली. तरी तिथं आलं की हात आपोआप हॉर्नवर जायचा. मोकळ्या रस्त्याकडे बघत एखादा प्रवासी विचारायचा, "कोण आडवं आलं, ड्रायव्हरसाहेब?" मी म्हणायचो, "कोणी न्हाई."