जवसाच्या चटणीतलं मीठ

बाबांचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं तेव्हा मला आतून थोडा आनंद झाला होता, हे लिहिताना आज लाज वाटते. जयपूरच्या एका विद्यापीठात मी बियांमधल्या प्रथिनांवर काम करते. जवस, मटकी, कलिंगडाच्या बिया. ही प्रथिनं पचताना त्यांचे बारीक तुकडे होतात, आणि त्यांतले काही तुकडे रक्तवाहिन्या आवळायला लावणाऱ्या एका एन्झाइमला अडवतात. इतक्या वर्षांत मी नेमकं काय करते हे घरात कुणी विचारलं नव्हतं. आता बाबा विचारू लागले.

रविवारी मी आई-बाबांच्या झोटवाड्यातल्या फ्लॅटवर गेले की ते खुर्ची ओढून समोर बसायचे. विमा कंपनीतले निवृत्त अधिकारी; प्रश्न विचारायचे तेही पॉलिसी तपासल्यासारखे.

"मतलब, जवस खाल्लं की झालं?"

"गोळी बंद करायची नाही," मी बजावलं. ती त्यांनी एकदाही चुकवली नाही. "पण जवस हवं तेवढं खा."

हे वाक्य माझं.

आई यवतमाळची. जवस खायचं म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे चटणीच येणार. भाजलेलं जवस, लसूण, तिखट, मीठ. चटणी आहे तर मीठ असणारच, त्यात लेकीला सांगण्यासारखं काय? बाबा ती सकाळी पोळीशी खायचे, दुपारी वरणभातासोबत, संध्याकाळी दह्यात कालवून. येणाऱ्याजाणाऱ्याला "लेकीचं औषध आहे" म्हणून सांगायचे. मी मात्र कधी चाखलीही नाही. दिवसभर जवसाच्या वासात काढल्यावर ताटात पुन्हा तेच नको वाटायचं.

प्रेशर उतरेना. डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला आणि मी चिडले. बाबांवर नाही, जवसावर. वाण बदलून बघू, म्हटलं. होळीनंतरच्या आठवड्यात त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तिसऱ्या दिवशी ते गेले.

तेरावं झाल्यावर आईनं मला वाढलं, तेव्हा पानात ती चटणी होती. पहिल्याच घासाला मला मीठ लागलं, आणि हातातला घास हातातच राहिला. नमुन्यात मीठ राहिलं तर चाचणी बिघडते म्हणून प्रयोगशाळेत आम्ही तो दोन-दोन दिवस पाण्यात ठेवून ते पाणी बदलत राहतो. त्यात कुणी विद्यार्थ्यानं कुचराई केली की मी त्याला फाडून खाते. बापाच्या ताटात काय पडतंय ते मात्र मी पाहिलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

चटणीमुळेच झालं, असं कुठलाही डॉक्टर म्हणणार नाही. परीक्षेत कुणी तसं लिहिलं तर मीही त्याचे गुण कापीन. पण मन परीक्षक नसतं. आईला मी काही बोलले नाही. तिनं किती हौसेनं केली होती ती.

मागच्या रविवारी गेले तर ती बरणी भरत होती.

"खालच्या मास्टरजींनाही बीपी निघालं," ती म्हणाली. "त्यांच्या बायकोला सांगितलं, भाभीजी, मेरी बेटी की रिसर्च है."

आता गप्प राहण्याची सोय उरली नव्हती.

"आई, ही नको देऊस. बिनमिठाची कर."

"बिनमिठाची? कोण खाईल?"

"ज्याला प्रेशर आहे त्यानं तशीच खायला हवी."

तिचा चमचा बरणीतच थांबला. माझी आई हुशार बाई आहे. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"मग ह्यांना मी..."

"तू नाही. हवं तेवढं खा, असं मी म्हटलं होतं."

"तू जवस म्हटलं होतंस. मीठ मी घातलं." ती खाली बसली. चमचा काढून बरणीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तुला कधी कळलं?"

"तेराव्यानंतर."

"म्हणून तू माझ्या हातचं धड जेवत नाहीस? मला वाटून राहिलं होतं, बाबा गेल्यावर तुला माझ्याकडे येणंच नको झालं."

तसं नाही गं, एवढंच म्हणायचं होतं. पण तिचं वाटणं अगदीच खोटं नव्हतं; तिच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की मला बाबांच्या ताटातली ती चटणीच दिसायची.