काळ्या दोऱ्याची बटनं

आमच्या पांढरकवड्यातल्या दान-उत्सवात एक शिंपी दरवर्षी कपड्यांच्या ढिगाजवळच बसतो. लोक जुने शर्ट धरून फोटो काढतात आणि टाकून जातात. हा मात्र काळ्या दोऱ्याने एकेका शर्टाला तुटलेलं बटन लावत बसतो. "देता तं धड द्या ना बाप्पा," एवढंच पुटपुटतो.

यंदा त्याने स्वतःच एक गाठोडं आणलं. सोडलं, तर आत धुतलेले शर्ट, बटनं काळ्या दोऱ्याची.

"झरीकडं कोलाम आदिवासींच्या पोडावर, त्यायच्या वस्तीवर गेलतो. मागच्या साली वाटलेले हे शर्ट तिथंच पडून होते, धुऊन आणले. बाया म्हणतात, कपडे तुमच्यापाशीच ठेवा, पाणी आणा. मी पाणी कुठून आणू, भाऊ?"

तेवढ्यात माईकवरून यंदाच्या विक्रमी दानाची घोषणा झाली. टाळ्या पडल्या.

त्याने सुई ओवली. धुताना निघालेली काही बटनं पुन्हा लावायची होती.