पडदा काढत्यात न्हवं?

इंदापुरात माझं चष्म्याचं दुकान आहे. नंबर तपासायचा, काचा बसवायच्या, एवढंच माझं काम. पण पळसदेवला दिलेली माझी थोरली बहीण गावभर सांगायची, आमचा भाऊ डोळ्यांचा डाक्टर हाय. मी तिला कधी टोकलं नाही. आवडायचं ते मला.

अक्काला साखरेचा आजार. गोळ्या संपल्या की पुढच्या बाजारापर्यंत तशीच राहायची. एका वर्षात तिचा नंबर तीनदा बदलला आणि तिन्ही वेळा मी नव्या काचा बसवून दिल्या. नंबर असा वरखाली व्हायला लागला की आधी साखर बघायला लावायची, हे मला शिकवलेलं होतं. माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही.

तिसऱ्या वेळी ती दुकानात बसून म्हणाली, "दाराची चौकट वाकडी दिसती रं. वांग्याची सरी बी मधीच मोडल्यागत."

दाजी शेजारीच होते. आधी त्यांनी सुताराला शिव्या घातल्या, मग म्हणाले, मेव्हणा चष्मेवाला आन् बायको घरात आंधळी कोशिंबीर खेळती. गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो.

सरळ रेघ वाकडी दिसते तेव्हा दुखणं बहुतेक डोळ्याच्या आतल्या पडद्याचं असतं. ते काचेनं जात नाही. मला यातलं कळत नाही, बारामतीला दाखव, एवढंच म्हणायचं होतं. पण चार माणसांत माझं डाक्टरपण उतरलं असतं. मी बॅटरी मारून बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, "मोतीबिंदू धरलाय. कच्चा हाय अजून. पिकू दे, मग काढू."

पिकू दे म्हटलं की आमच्याकडं सगळ्यांना पटतं. कच्चा ऊस कोण तोडतं? अक्का निर्धास्त गेली आणि दहा महिने पिकायची वाट बघत बसली.

एका सकाळी उजव्या डोळ्यासमोर काजळी सांडल्यासारखं झालं, तेव्हा बारामतीला नेलं. थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, आतले फोटो काढले. डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला आत बोलावलं. उजव्या डोळ्यात रक्त उतरलंय, पडदा ओढला जाऊन सुटलाय. डाव्यालाही सूज आहे, लेसर आणि इंजेक्शनं देऊ, पण आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ. मग त्यांनी विचारलं, वाकडं दिसायला लागलं तेव्हाच का नाही आणलं?

मी म्हणालो, खेड्यातली माणसं, मॅडम. दुर्लक्ष करतात.

आता दर महिन्याला मी तिला इंजेक्शनला नेतो. डावाही विझत चाललाय. परवा परत येताना गाडीत ती म्हणाली, "पडदा आलाय म्हनं डोळ्याला."

तिला पडदा म्हणजे बुबुळावर आलेली साय वाटते, बाजूला सारली की झालं. दिसतं ते आतल्या पडद्यामुळंच, तो गेला की मागं काहीच उरत नाही, हे मला सांगता आलं असतं. रस्ता मोकळा होता, गाडीत आम्ही दोघंच होतो.

"पडदा काढत्यात न्हवं?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. "काढत्यात."

तिनं माझ्या दिशेला हात चाचपत आणून माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"मग तू जिवाला घोर नगं लावून घेऊ," ती म्हणाली. "पिकू दे."