कवठ कोणाला हवं होतं?

काल दुपारी मुलगी ओट्याशी उभ्यानंच कवठ खात होती. लहानपणी कवठ फोडलं की ही नाक दाबून अंगणात पळायची. आता सातवा महिना, माहेरी आली आहे, आणि गूळ कालवेपर्यंतही धीर नाही.

"अगं, तुला कधीपासून आवडायला लागलं?"

"मला कुठे आवडतं?" बोटं चाटत ती म्हणाली. "वास अजूनही नकोसा होतो. पण हवंय."

शेजारच्या काकू हसल्या. "तिला नाही गं, पोटातल्याला हवंय. डोहाळे पुरव, नाहीतर बाळाची लाळ गळत राहील."

मी मान डोलावली खरी, पण गोंधळले. ज्याला अजून नाव नाही, 'मी' म्हणता येत नाही, त्याला हवंय म्हणजे नक्की कोणाला? की आधी नुसतं हवंपणच येतं आणि विरजण पडलेल्या दुधासारखं त्याच्याभोवती हळूहळू कुणीतरी जमत जातं? छे, कुणी नसताना हवं तरी कसं वाटेल?

माझ्या वेळी आईनंही कवठच मागितलं होतं म्हणे. एरवी ती त्याला शिवायची नाही. मला मात्र जन्मभर कवठ आवडत आलंय. ती आवड तरी माझी का?

"बास, आता नको," म्हणत मुलगी उरलेलं कवठ ठेवून आत गेली. ते टाकायला म्हणून मी उचललं. भानावर आले तेव्हा आतला गर बोटानं खरवडून खात होते.

बोट माझंच होतं. एवढंच खात्रीनं सांगता येईल.